मोठ्या राजकीय मेळाव्यासाठी शहराचा नकाशा कसा करावा: निदर्शक आणि पाहुणे, दोघांना एकच कागद

एखाद्या पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन किंवा बड्या देशांच्या नेत्यांची शिखर परिषद भरली, की ते शहर चार-पाच दिवसांपुरतं वेगळंच होऊन बसतं. रोजचा चौक बॅरिकेडमागे जातो, मेट्रो एखाद्या स्थानकावर थांबेनाशी होते, बस भलत्याच रस्त्याने वळते. फोनमधला नकाशा मात्र खुशाल कुंपणातून वाट दाखवत राहतो. यजमान शहर प्रतिनिधींसाठी गुळगुळीत पुस्तिका छापतं, पोलीस बंद रस्त्यांची यादी जाहीर करतात, आंदोलक मोर्चाच्या मार्गाचं एक चित्र फिरवतात. ‘मी इथे उभा आहे, आता कुठे जाऊ?’ या प्रश्नाचं उत्तर देणारा कागद मात्र बहुतेक वेळा कोणीच काढत नाही.

तो कसा काढायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. चार-पाच जण आणि सहा ते आठ आठवडे हाताशी असतील तर काम निवांत होतं. दोनच आठवडे असतील तर क्षेत्र लहान घ्या, पण पायी पाहणी आणि परक्या माणसाकडून तपासणी हे दोन टप्पे गाळू नका.

एकच नकाशा का

निदर्शकांना एक आणि पाहुण्यांना दुसरा, असे दोन नकाशे करायचा मोह होतो. तो टाळा. मोर्चासाठी परगावाहून आलेली विद्यार्थिनी, अधिवेशनाचा प्रतिनिधी, नेमकी याच आठवड्यात सुट्टी काढून आलेलं कुटुंब आणि त्याच भागात राहणारे, डायलिसिसला निघालेले आजोबा या चौघांचे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात. कुठला रस्ता बंद आहे, स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठे, परतीची गाडी कुठून. फरक पडतो तो फार तर दहा टक्क्यांत, आणि तेवढा मजकूर मागच्या बाजूला मावतो.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. नाक्यावर झडती झाली आणि खिशात नुसत्या घोषणांनी भरलेला कागद सापडला, तर बोलणं लांबतं. स्वच्छतागृहं आणि बसथांबे दाखवणारा साधा शहर-नकाशा कोणाच्याही खिशात असू शकतो. हॉटेलचा स्वागतकक्ष, वाचनालय, कोपऱ्यावरचं दुकान यांनाही असा कागद काउंटरवर ठेवायला संकोच वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये २००४ साली रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन झालं तेव्हा कार्यकर्त्यांच्या एका गटाने असा छापील नकाशा फुकट वाटला होता. तेव्हा हातात स्मार्टफोन नव्हते म्हणून कागद, असं वाटेल. पण लाखभर माणसं एका चौकात जमली की आजही नेटवर्कचा जीव जातो, आणि दुपारपर्यंत बॅटरीचाही.

नकाशावर घ्यायच्या प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लावा: हिच्यामुळे माणसाला इथून बाहेर पडायला मदत होते का? कार्यक्रमाच्या जागी पोचायला सगळेच मदत करतात. अडकलेल्याला वाट दाखवायला कोणी नसतं.

बंद क्षेत्रं: एकच लाल पट्टा काढू नका

सुरुवात सरकारी कागदांपासून करा. पोलीस, पालिका आणि वाहतूक प्राधिकरण यांची पत्रकं, मोर्चाच्या परवानगीचे आदेश, मेट्रो आणि बसच्या बदललेल्या फेऱ्या. अमेरिकेत अशा अधिवेशनांना ‘राष्ट्रीय विशेष सुरक्षा कार्यक्रम’ हा दर्जा दिला जातो. ही पद्धत १९९८ साली सुरू झाली, आणि असा दर्जा मिळाला की सुरक्षेची आखणी सीक्रेट सर्व्हिस या केंद्रीय सुरक्षा यंत्रणेच्या हाती जाते. इतर देशांत यंत्रणांची नावं वेगळी असतात, कागदांची जात तीच. नकाशा करणाऱ्या गटातला एक जण फक्त याच कामावर ठेवा. रोज सकाळी सगळी पत्रकं पाहायची, काय बदललं ते तारखेसह वहीत लिहायचं.

बहुतेक नकाशे इथेच फसतात, कारण ‘बंद’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. काही भागात फक्त ओळखपत्रधारकांना प्रवेश असतो. काही भागात वाहनांना बंदी असते, पण पायी जाता येतं. आणि काही भागात चालायला, राहायला, दुकानात जायला मोकळीक असते, फक्त जमाव करायला मनाई असते. हॅम्बुर्गमध्ये जुलै २०१७ मध्ये जी-२० परिषद झाली तेव्हा पोलिसांनी सुमारे ३८ चौरस किलोमीटरवर सभा-मोर्चांना मनाई केली होती. त्या पट्ट्यात हजारो लोक आपले नेहमीचे व्यवहार करत होते. असा भाग लाल रंगाने भरून टाकला तर पाहुणा उगाच दोन किलोमीटरचा वळसा घेतो, आणि निदर्शकाला नेमकी कशाला मनाई आहे ते कळतच नाही. म्हणून तीन वेगळ्या खुणा ठेवा: ठळक सलग रेघ म्हणजे ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, तुटक रेघ म्हणजे वाहनं बंद, विरळ तिरप्या रेषा म्हणजे जमावबंदी. प्रत्येकीशेजारी वेळ लिहा. ‘सोमवार सकाळी ६ पासून’ हे चार शब्द पूर्ण रंगकामापेक्षा जास्त कामाचे असतात.

निदर्शनांसाठी नेमून दिलेली जागाही स्वतंत्र दाखवा, आणि ती प्रत्यक्षात कशी आहे ते लिहा. बॉस्टनमध्ये २००४ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनाच्या वेळी अशी जागा जुन्या, वापरात नसलेल्या उन्नत रेल्वेमार्गाखाली जाळ्या आणि कुंपण घालून दिली होती. पत्रकातला पत्ता वाचून मोकळं मैदान डोळ्यांसमोर येतं, तिथे गेलेल्याला भलतंच दिसतं. ‘वर छत, कुंपण, ये-जा मोजक्या दारांतून’ अशी एक ओळ वाचणाऱ्याला आत जायचं की नाही ते ठरवू देते.

सीमा शेवटपर्यंत हलतात हे गृहीत धरा. क्लीव्हलँडमध्ये २०१६ च्या रिपब्लिकन अधिवेशनासाठी शहराने ३.३ चौरस मैलांचं नियंत्रित क्षेत्र आखलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अधिवेशनाला महिनाही उरला नसताना ते जवळपास निम्मं करावं लागलं. याच क्षेत्रात बाळगायला मनाई असलेल्या वस्तूंत टेनिसचे चेंडू होते, बंदुका मात्र नव्हत्या, कारण त्या राज्याच्या कायद्याने उघडपणे बंदूक बाळगता येते. मनाई असलेल्या वस्तूंची यादी तर्काने लिहायची नसते, ती पत्रकावरून जशीच्या तशी उतरवायची असते. छत्रीचं टोक, काचेची बाटली, झेंड्याची काठी, मोठी पाठपिशवी यांबाबत नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असतात.

पायाभूत नकाशा

पाया ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर घ्या. २००४ साली सुरू झालेला हा प्रकल्प जगभरातले स्वयंसेवक चालवतात, आणि त्याची माहिती छापायला व वाटायला मोकळी आहे. अट एवढीच की ‘© ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ असा उल्लेख कागदावर असावा. व्यावसायिक नकाशांचे स्क्रीनशॉट छापू नका. परवान्याचा प्रश्न येतो, शिवाय ते पडद्यासाठी रंगवलेले असतात, छायाप्रतीत त्यांचा चिखल होतो. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर येणारा कोणी गटात असेल तर उत्तम. नसेल तर मॅपओएसमॅटिकसारख्या ऑनलाइन सोयीतून छापण्याजोगा नकाशा काढून त्यावर चित्रकामाच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये खुणा करता येतात.

आता प्रमाण. ए-३ कागद ४२ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. १ : ५,००० प्रमाण धरलं तर १ सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर, आणि पूर्ण कागदावर साधारण २.१ बाय १.५ किलोमीटरचं क्षेत्र बसतं. गल्ल्या, पायऱ्या, दारं नीट दिसायला एवढं मोठं प्रमाण लागतंच. कार्यक्रम दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असेल तर क्षेत्र ओढून-ताणून एका चौकटीत बसवू नका. मुख्य भागाचा मोठा नकाशा समोर घ्या आणि स्थानकं-विमानतळ-मुक्कामाच्या जागा दाखवणारा ढोबळ नकाशा मागे. अंतर मीटरमध्ये लिहिण्यापेक्षा मिनिटांत लिहा. धडधाकट माणूस मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो, म्हणजे ४०० मीटरला पाच मिनिटं. गर्दीत हे हिशेब दुप्पट-तिप्पट होतात, तसं स्पष्ट नमूद करा.

मग छाटणी. इमारतींचे आराखडे, जमीनवापराचे रंग, बँका, पेट्रोलपंप हे सगळं काढून टाका. नदी, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल, द्रुतगती रस्ता, लांबलचक भिंत मात्र जाड रेघेने दाखवा. गर्दीला अडवणाऱ्या गोष्टी याच, आणि नेहमीच्या नकाशात त्या फिकट असतात. रुळांपलीकडचा चौक कागदावर दोनशे मीटरवर दिसतो, पण पादचारी पूल नसेल तर तिथे जायला अर्धा तास लागतो.

रस्ते पायाखालून घाला

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. छापलेला कच्चा नकाशा, तो लावायला आधाराची पाटी आणि पेन्सिल घेऊन दोघादोघांनी निघायचं. फोनवर नोंदी करू नका असं नाही, पण कागदावर खूण केली की शेजारच्या गोष्टीही नजरेत येतात. प्रत्येक रस्ता कार्यक्रमाच्याच वारी आणि वेळी पाहावा. रविवारी सकाळी मोकळी दिसणारी गल्ली मंगळवारी संध्याकाळी माल उतरवणाऱ्या गाड्यांनी बुजलेली असते. बागेचं फाटक सहाला बंद होतं, मॉलमधून जाणारी वाट नऊनंतर नसते, कार्यालयांच्या आवारातला जवळचा रस्ता सुट्टीच्या दिवशी कुलपात असतो.

काय टिपायचं? रस्त्याची सरासरी रुंदी फारशी उपयोगाची नाही, सगळ्यात अरुंद जागेची रुंदी टिपा. ती मोजायला फीत लागत नाही, खांद्याला खांदा लावून किती माणसं जातील एवढं पुरतं. पायऱ्या किती, उतार किती, लिफ्ट आहे का आणि चालते का. लिफ्ट असणं आणि चालणं यांत बरंच अंतर असतं. रस्त्याच्या शेवटी भिंत आहे का. बांधकामाचे पत्रे लागलेत का. स्वच्छतागृह सार्वजनिक आहे की ‘फक्त ग्राहकांसाठी’, कधी उघडतं, पैसे पडतात का, चाकाची खुर्ची आत जाते का. पिण्याच्या पाण्याचा नळ वाहतो का, की नुसता शोभेला आहे. सावली कुठे, बसायला जागा कुठे, पावसात आडोसा कुठे. रात्री दिवे लागतात का, हे पाहायला पुन्हा अंधारात जावं लागतं, आणि जावंच.

फोटो काढलेत तर माणसांचे चेहरे येऊ देऊ नका, आणि गटाबाहेर फोटो पाठवताना त्यात दडलेली ठिकाणाची माहिती पुसून टाका. सुरक्षाक्षेत्राच्या अगदी लगत उभं राहून कुंपणाचे, कॅमेऱ्यांचे फोटो काढण्याची गरज नाही. तुमच्या नकाशाला त्याचा उपयोग नाही, आणि चौकशी ओढवली तर अर्धा दिवस जातो. कोणी विचारलंच तर शांतपणे कच्चा नकाशा दाखवा.

एकाच जोडीच्या नोंदीवर खूण पक्की करू नका. दुसऱ्या जोडीने वेगळ्या दिवशी जाऊन पाहिलं आणि दोन्ही नोंदी जुळल्या, तरच खूण कागदावर.

बाहेरच्या वाटा

हा भाग नीट समजून घ्या, कारण नकाशाचा जीव यात आहे.

गर्दीचं शास्त्र साधं आणि निर्दय आहे. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असतील तर चालता येतं. चार-पाचच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही, धक्का लाटेसारखा पसरतो. जर्मनीतल्या डुइसबुर्गमध्ये जुलै २०१० मध्ये लव्ह परेड या संगीत महोत्सवात २१ जण मेले. आत येणारे आणि बाहेर जाणारे एकाच बोगद्यातून आणि उतारावरून जात होते. दक्षिण कोरियात सोलच्या इतेवोन भागात ऑक्टोबर २०२२ मध्ये एका अरुंद उताराच्या गल्लीत दीडशेहून अधिक जीव गेले. या दोन्ही जागी आंदोलन नव्हतं, पोलिसांशी झटापट नव्हती. कारण होती ती जागेची ठेवण.

किती माणसं कशातून बाहेर पडतील याचा अंदाज आधी बांधता येतो. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी वापरलं जाणारं मानक सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं, आणि जिन्यावर ६६, असं आहे. तीन मीटर रुंदीची गल्ली म्हणजे मिनिटाला जेमतेम २४६. दहा हजारांच्या सभेला तेवढीच एक वाट असेल तर मैदान रिकामं व्हायला चाळीस मिनिटं लागतील, तेही सगळे शिस्तीत चालले तर. हा हिशेब प्रत्येक जमण्याच्या जागेसाठी करा. आकडे नकाशावर छापायची गरज नाही, पण कुठल्या वाटेला मोठा बाण द्यायचा आणि कुठली वाट ‘अरुंद’ म्हणून दाखवायची ते त्यातून ठरतं.

प्रत्येक सभास्थानापासून निदान दोन, शक्यतो तीन वाटा दाखवा, आणि त्या वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या हव्यात. शंभर मीटरवर जाऊन एकाच चौकात मिळणाऱ्या दोन वाटा म्हणजे एकच वाट. प्रत्येक बाणाच्या टोकाला मोकळी जागा किंवा चालू स्थानक असावं. सभेला सगळ्यात जवळचं स्थानक बाणाचं टोक म्हणून देऊ नका. सगळे तिथेच धावतात, आणि गर्दी झाली की आधी तेच बंद होतं. त्याच्या पुढचं स्थानक द्या, ‘पायी १२ मिनिटं’ असं लिहून.

पोलिसांच्या वेढ्याचाही विचार करावा लागतो. टोरोंटोत जी-२० च्या वेळी, २७ जून २०१० रोजी, क्वीन आणि स्पडायना रस्त्यांच्या चौकात शेकडो लोकांना भर पावसात काही तास कोंडून ठेवलं गेलं. त्यात कामावरून घरी निघालेले, सहज तिथून जाणारेही होते. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये विद्यापीठांच्या शुल्कवाढीविरुद्धच्या आंदोलनातले लोक रात्री वेस्टमिन्स्टर पुलावर अडकले. पूल, बोगदे आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेले लांब सरळ रस्ते अशा वेळी पिंजरा होतात. अशा ठिकाणी धोक्याचं चिन्ह नको, घबराट होते. त्याऐवजी रस्त्याच्या दोन्ही तोंडांना ‘मध्ये वळण नाही, ३५० मीटर’ असं लिहा. ज्याच्यासोबत मुलं किंवा हातात काठी असेल, किंवा ज्याला दमा असेल, तो आपोआप दुसरा रस्ता धरतो.

सोयी, दवाखाने, कायदा

स्वच्छतागृहं आणि पाणी यांची चिन्हं मोठी हवीत, बोधचिन्हापेक्षाही मोठी. खाण्याच्या जागा एकेक दाखवू नका, ‘या पट्ट्यात उशिरापर्यंत खायला मिळतं’ एवढं पुरे. दुकानांची नावं घातलीत की जाहिरातीचा वास येतो आणि राहिलेले दुकानदार फोन करतात.

रुग्णालयाचं नुसतं लाल चिन्ह पुरत नाही. आपत्कालीन विभागाचं दार कुठल्या रस्त्यावर आहे, आणि बंद काळात तिथवर जाता येतं का, हे प्रत्यक्ष विचारून घ्या. मोठ्या रुग्णालयांना चार फाटकं असतात आणि त्यातली दोन बंदोबस्तात जातात. औषधाचं चोवीस तास उघडं दुकान, आपत्कालीन क्रमांक, आणि आंदोलनात स्वयंसेवी प्रथमोपचार पथकं असतील तर ती कशी ओळखायची, हे एका चौकटीत द्या. त्यांचे तंबू मात्र त्यांनी होकार दिला तरच दाखवा.

कायद्याची चौकट मागच्या पानावर. न्यूयॉर्कमध्ये २००४ च्या अधिवेशनात १,८०० हून अधिक जणांना अटक झाली, त्यांत बघे आणि वाटसरूही होते, आणि अनेकांना हडसन नदीकाठच्या पिअर ५७ वर ठेवलं गेलं. पुढे २०१४ साली शहराने जवळपास १ कोटी ८० लाख डॉलर देऊन दावे मिटवले. पण त्या रात्री घरच्यांना ‘माणूस नेला कुठे’ हाच प्रश्न होता. म्हणून मदत करणाऱ्या वकिलांच्या संघटनेचा दूरध्वनी क्रमांक, न्यायालयाची जागा आणि सुटलेली माणसं कुठल्या दाराने बाहेर येतात, हे तिन्ही द्या. अमेरिकेत नॅशनल लॉयर्स गिल्ड या वकिलांच्या संघटनेचे निरीक्षक हिरव्या टोप्यांवरून ओळखू येतात, आणि अनेक निदर्शक वकिलांचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने हातावर लिहून ठेवतात, कारण अटकेनंतर फोन काढून घेतला जातो. क्रमांक छापण्याआधी स्वतः लावून पाहा. हक्कांविषयीचा मजकूर त्याच ठिकाणच्या वकिलाकडून तपासून घ्या, दुसऱ्या देशातली किंवा राज्यातली पत्रकं उतरवू नका. झडती, नाव सांगणं, चेहरा झाकणं, पोलिसांचं चित्रीकरण, सगळ्यांचे नियम सीमेपलीकडे बदलतात.

काय दाखवायचं नाही

स्वयंसेवकांची घरं, मुक्कामाला जागा देणारी कुटुंबं, कोणाही खासगी व्यक्तीचं नाव किंवा क्रमांक: नाही. हॉटेल ही खूण म्हणून चालते, पण कोणत्या हॉटेलात कोण प्रतिनिधी उतरलेत हे छापणं मला पटत नाही. तो नकाशाचा नव्हे, पाठलागाचा मजकूर झाला, आणि तुमचा कागद हॉटेलच्या काउंटरवरून त्याच दिवशी उचलला जाईल.

पोलिसांची क्षणाक्षणाची ठिकाणं दाखवण्याबद्दल आंदोलकांतही दुमत असतं. लंडनमध्ये वेढ्यांच्या अनुभवानंतर विद्यार्थ्यांनी २०११ साली ‘सुकी’ ही सोय सुरू केली, कुठल्या बाजूचा रस्ता मोकळा आहे ते फोनवर कळवणारी. हाँगकाँगमध्ये २०१९ साली एचकेमॅप-लाइव्ह या ऑनलाइन नकाशावर लोक पोलिसांची आणि अश्रुधुराची ठिकाणं टाकत, आणि ऑक्टोबरात ॲपलने ते आपल्या ॲप स्टोअरमधून काढून टाकलं. छापील नकाशापुरतं उत्तर सोपं आहे: हलणारी गोष्ट कागदावर घेऊच नका. पोलीस चौकी घ्या, कारण हरवलेलं मूल किंवा चोरीला गेलेलं पाकीट यासाठी तीच लागते.

मांडणी आणि परक्याकडून तपासणी

लाल आणि हिरव्यातला फरक बऱ्याच पुरुषांना दिसत नाही, तेव्हा अर्थ केवळ रंगावर सोडू नका. आकार आणि रेघेची जात बदला. सगळा नकाशा आधी काळ्या-पांढऱ्यात पूर्ण करा, रंग नंतर भरा. लोक त्याच्या छायाप्रती काढणारच, आणि त्या काळ्या-पांढऱ्या असतील. अक्षर आठ पॉइंटाखाली नको. देवनागरीसारख्या लिपीत वेलांट्या-मात्रांमुळे त्याहून थोडं मोठंच लागतं. रस्त्यांची नावं पाटीवर जशी आहेत तशीच, त्याच लिपीत द्या. पाहुण्यांसाठी दुसऱ्या लिपीत खाली जोडा. नकाशावर ‘गांधी मार्ग’ आणि पाटीवर ‘एम. जी. रोड’ असं झालं की माणूस कोपऱ्यावर उभा राहून घामाघूम होतो.

नकाशावर चौकोनांची जाळी आखून वर उभ्या ओळींना अक्षरं आणि डावीकडे आडव्या ओळींना आकडे द्या. फोनवर ‘मी ग-४ मध्ये आहे’ एवढं सांगता आलं पाहिजे. उत्तर दिशा वर ठेवा. मोर्चाच्या दिशेने फिरवलेला नकाशा देखणा दिसतो, पण फोनमधल्या नकाशाशी त्याचा मेळ बसत नाही. ए-३ तीनदा दुमडला की ए-६ होतो, खिशात मावतो. घड्या कुठे पडतात ते बघून महत्त्वाच्या खुणा घडीवर येऊ देऊ नका, तिथेच कागद आधी विरतो.

छापण्यापूर्वी कच्चा नकाशा शहर माहीत नसलेल्या माणसाला द्या. त्याला त्या भागात नेऊन उभं करा आणि तीन कामं सांगा: जवळचं स्वच्छतागृह गाठ, मुख्य चौक टाळून पलीकडच्या स्थानकावर जा, तू कुठे आहेस ते मला फोनवर सांग. मागे चालायचं, बोलायचं नाही. तो जिथे थबकतो आणि कागद उलटासुलटा करतो, तिथे दुरुस्ती हवी. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या कोणाबरोबर एक फेरी कराच. फूटपाथची अर्धी माहिती तिथे बदलते.

छपाई, आणि कार्यक्रमाच्या दिवशी

एका कोपऱ्यात ठळक लिहा: ‘अमुक तारखेच्या, अमुक वाजेपर्यंतच्या माहितीवर आधारित.’ छपाई दोन खेपांत करा. पहिली थोडी, आठवडाभर आधी, हॉटेलं-वाचनालयं-वसतिगृहांत ठेवायला. दुसरी मोठी, शक्य तितक्या उशिरा. ऐनवेळी एखादं स्थानक बंद झालं तर पूर्ण गठ्ठा फेकायची गरज नाही, रबरी शिक्का किंवा छोटं चिकटपत्र पुरतं. त्यासाठी कोपऱ्यात एक रिकामी चौकट आधीच ठेवलेली असावी.

तोच नकाशा पीडीएफमध्ये द्या. फाइल हलकी असावी, उघडायला नाव-क्रमांक मागू नये. क्यूआर कोड छापा आणि खाली वाचता येईल असा छोटा वेबपत्ताही, कारण गर्दीत कॅमेरा रोखून उभं राहणं नेहमी जमत नाही. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड ही नकाशाची ॲप वापरणाऱ्यांसाठी ठिकाणांची फाइल वेगळी ठेवा, ती इंटरनेटशिवाय चालते. कागद वाटायला स्थानकांच्या बाहेर माणसं उभी करा. सभेच्या तोंडाशी वाटण्यात अर्थ नाही, तिथे पोचलेला माणूस वाट चुकायच्या पलीकडे गेलेला असतो.

त्या दिवसांत गटातले दोघे एका जागी बसून फक्त दुरुस्त्या पाहतील अशी व्यवस्था करा. बाहेरून आलेली बातमी दोन वेगळ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेली असेल तरच पुढे पाठवायची, आणि प्रत्येक निरोपात वेळ लिहायची: ‘१६:२०, नदीकाठचा रस्ता पायी बंद.’ तासाभरात कोणी पुन्हा दुजोरा दिला नाही तर तो निरोप मागे घ्यायचा. अशा दिवशी सगळ्यात वेगाने फिरतो तो खरा असलेला पण शिळा झालेला निरोप. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो, तरी माणसं मोकळ्या झालेल्या रस्त्याला वळसा घालून भरलेल्या रस्त्यात जातात.

मेळावा संपला की ऑनलाइन पान उतरवा किंवा त्यावर ‘मुदत संपली’ असं ठळक लिहा, आणि पाहणीच्या वह्यांमधली माणसांची नावं-क्रमांक नष्ट करा. तात्पुरती बंद क्षेत्रं ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरायची नसतात. लोक तो नकाशा फोनमध्ये उतरवून महिनोन् महिने वापरतात, आणि चार दिवसांचं कुंपण त्यांच्यासाठी कायमचं होऊन बसतं. मात्र पाहणीत सापडलेले पाण्याचे नळ, पायऱ्या, रॅम्प, स्वच्छतागृहांच्या वेळा, कुलूप लागणारी फाटकं हे सगळं तिथे जरूर भरा. ते रस्ते दुसऱ्या दिवशीही वापरायचे असतात.